हायड्रेंजिया निळा का होतो: आम्ल, ॲल्युमिनियम आणि मधलं कुलूप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निळ्या गुच्छांनी भरलेलं हायड्रेंजियाचं रोप आणलं, जमिनीत लावलं, आणि पुढच्या बहराला फुलं आली ती गुलाबी. माती आम्लधर्मी असली की फुलं निळी होतात असं वाचून तुम्ही लिंबाचा रस ओतला, कॉफीचा चोथा घातला, बुंध्याशी गंजके खिळेही पुरले. फरक पडला नाही. उलट यंदा एकाच झुडपावर एक गुच्छ जांभळट आणि बाकीचे सगळे गुलाबी आलेत. तर चुकलं कुठे?

चुकलं ते 'आम्लधर्मी म्हणजे निळं' या वाक्यात. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे आणि गोची उरलेल्या अर्ध्यात आहे. फुलाला निळं करतं ते ॲल्युमिनियम. मातीत ते भरपूर असतं, पण कुलपात. आम्लता हे कुलूप उघडते, तिचं काम तिथे संपतं. कुलूप उघडलं आणि आत काही नसलंच, तर फूल गुलाबीच राहणार. आत माल आहे पण दारात दुसरंच कोणी अडवून उभं आहे, तरीही गुलाबीच. मी इतकी वर्षं हायड्रेंजिया वाढवतेय. 'निळं का होत नाही' असं विचारणाऱ्या प्रत्येकाची अडचण शेवटी या तीनपैकी एका ठिकाणी सापडते: कुलूप, माल किंवा दारातला पहारेकरी.

आधी फुलाच्या आत काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नव्हेत, ती निदलं (फुलाच्या बाहेरच्या आवरणाची दलं) आहेत. खरी फुलं मधे बारीक टाचणीच्या डोक्याएवढी असतात. निदलांतलं रंगद्रव्य लाल झाडावर असो, जांभळ्यावर असो की निळ्यावर, एकच असतं: डेल्फिनिडिनचं ग्लुकोसाइड. अँथोसायनिन नावाच्या कुळातलं हे द्रव्य. म्हणजे निळ्या झाडात निळा रंग आणि गुलाबी झाडात गुलाबी रंग तयार होतो असं नाही. रंग तोच, त्याच्या शेजारी कोण येऊन बसतं त्यावर त्याची छटा ठरते.

शाळेतला लिटमस आठवा. आम्लात लाल, विम्लात निळा. हायड्रेंजियात बरोबर उलटं दिसतं, आम्ल मातीत निळा आणि विम्ल मातीत गुलाबी. हा उलटेपणाच सांगतो की इथे लिटमससारखा साधा हिशेब नाही. एके काळी मोठमोठ्या माणसांनाही तो तसा वाटला होता. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी 1915 चं नोबेल मिळवणारे रिचर्ड विलश्टेटर यांना लाल गुलाब आणि निळं कॉर्नफ्लॉवर यांत एकच रंगद्रव्य सापडलं, तेव्हा त्यांनी फरकाचं श्रेय पेशीरसाच्या आम्ल-विम्लतेला दिलं होतं. पुढे 1919 मध्ये जपानमधल्या शिबाता यांनी धातूचा मुद्दा पुढे आणला: रंगद्रव्याला धातू जोडला गेला की निळा रंग येतो. हायड्रेंजियाच्या बाबतीत धातूवाल्यांचं म्हणणं खरं ठरलं. 1943 मध्ये ॲलन या संशोधकांनी निदलांतलं ॲल्युमिनियम आणि रंगाची छटा यांचा संबंध दाखवला.

गंमत म्हणजे पेशीरसाची आम्लता बदलते हेही खरं आहे. जपानी संशोधक कुमी योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड एकेका रंगीत पेशीत घालून मोजलं, तर लाल पेशीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 3.3 आणि निळ्या पेशीचा साधारण 4.1 निघाला. म्हणजे दोन्ही पेशी चांगल्याच आंबट, आणि माती आम्ल असलेल्या निळ्या फुलाच्या पेशी उलट जरा कमी आंबट! मातीची आम्लता मुळांतून चढत जाऊन फुलात पोचते, ही कल्पना इथेच सोडून द्यावी. वर चढतं ते ॲल्युमिनियम.

हे ॲल्युमिनियम निदलाच्या पेशीत पोचलं की तीन घटकांचं एक कडबोळं होतं. डेल्फिनिडिन, ॲल्युमिनियम आणि कॅफिओइलक्विनिक आम्लासारखा एक बिनरंगी साथीदार. तिघं जमले की निळा रंग येतो आणि टिकतो. यातला साथीदार महत्त्वाचा, कारण त्याचं प्रमाण आणि त्याचा प्रकार जातीनुसार बदलतो. म्हणून एकाच वाफ्यात, एकाच मातीत, शेजारी शेजारी लावलेल्या दोन जाती वेगवेगळ्या निळ्या होतात. एक आकाशासारखी, दुसरी जांभळ्यावरच थांबलेली. गडद लाल म्हणून निवडलेल्या काही जातींना तुम्ही कितीही ॲल्युमिनियम दिलंत तरी त्या जांभळ्यापलीकडे जात नाहीत. ती तुमची चूक नसते.

आता मालाचा हिशेब. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधले रसायनशास्त्रज्ञ हेन्री श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेले आकडे मला फार उपयोगी वाटतात. एक ग्रॅम ताज्या निदलात साधारण 10 मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम झालं की लाल रंग निळ्याकडे वळायला लागतो आणि 40 मायक्रोग्रॅमच्या आसपास निळा पूर्ण चढतो. म्हणजे किलोभर निदलं निळी करायला 40 मिलिग्रॅम धातू पुरे. आणि पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 8 टक्के ॲल्युमिनियम आहे, किलोमागे 80 ग्रॅम! साध्या बागेच्या मातीत मालाची टंचाई जवळपास नसतेच. ते सगळं चिकणमातीच्या कणांत, ऑक्साइडांत, हायड्रॉक्साइडांत बंद असतं. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. 6.5 च्या वर ते घट्ट बसून राहतं. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा म्हणजे जांभळा, मळकट गुलाबी, निळी झाक मारणारा लव्हेंडर. (मला स्वतःला हाच पट्टा सगळ्यांत आवडतो. पण तुम्ही निळा मागितलाय, तर निळ्याबद्दलच बोलू.)

सामूच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. ही मोजपट्टी सरळ नसून दसपट-दसपट जाते. 6.5 वरून 5.5 वर येणं म्हणजे आम्लता 10 पट वाढणं. 'फक्त एकने कमी करायचाय' हे वाक्य ऐकायला जितकं हलकं वाटतं तितकं मातीला ते हलकं नसतं.

बहुतेक पिकांच्या मुळांना सुटं ॲल्युमिनियम विषारी असतं, मुळांची टोकं खुंटतात. हायड्रेंजिया त्यातून कसा वाचतो? चहाच्या झुडपासारखाच तोही ॲल्युमिनियम साठवणारा आहे. जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या पानांतलं ॲल्युमिनियम तपासलं तेव्हा ते सायट्रिक आम्लाशी बांधलेल्या रूपात सापडलं. म्हणजे झाड त्या धातूला बेडी घालून ठेवतं. पण या सहनशक्तीलाही मर्यादा आहे, त्याबद्दल पुढे.

हे सगळं डोक्यात ठेवून आता तुमच्या झाडाकडे वळू.

पहिली गोष्ट, तुम्ही आणलेलं निळं रोप बहुधा 'निळं केलेलं' होतं. व्यावसायिक रोपवाटिकेत कुंडीतल्या माध्यमाचा सामू 5.2 ते 5.5 च्या आसपास ठेवतात आणि वर मोजून ॲल्युमिनियम सल्फेट देतात. ते ॲल्युमिनियम त्या कुंडीतल्या मुठभर माध्यमात होतं. तुम्ही रोप जमिनीत लावलंत, मुळं नव्या मातीत पसरली, जुनी शिदोरी संपली आणि झाड तुमच्या मातीची भाषा बोलू लागलं. पहिल्या बहरात निळा, दुसऱ्यात जांभळट, तिसऱ्यात गुलाबी असा प्रवासही मी पुष्कळदा पाहिलाय. तुमच्याकडे तो एका उडीत झाला, म्हणजे तुमच्या मातीचा सामू बराच वर असणार.

दुसरी गोष्ट, एकाच झुडपावर दोन रंग. याने लोक फार चक्रावतात, पण उत्तर साधं आहे. माती एकसारखी नसते. फांदीला पुरवठा प्रामुख्याने तिच्या बाजूच्या मुळांकडून होतो, आणि प्रत्येक मुळाला मिळणारा सामू वेगळा असू शकतो. भिंतीच्या, पायरीच्या, फरसबंदीच्या कडेला सिमेंट आणि चुना झिरपून माती विम्ल होते. झाडाची एक बाजू भिंतीकडे असेल तर त्या बाजूचे गुच्छ जास्त गुलाबी असतील. तुमचा जांभळट गुच्छ भिंतीपासून लांबच्या अंगाला आहे का, ते एकदा बघा. माझ्याकडे एक झुडूप वर्षानुवर्षं अर्धं निळं, अर्धं गुलाबी फुलायचं आणि मी त्याचं श्रेय एका मिश्रखताला देत होते. शेवटी उकरून पाहिलं तर गुलाबी बाजूला जुन्या बांधकामाचा राडारोडा गाडलेला निघाला.

आता तुम्ही केलेले उपाय. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ही सेंद्रिय आम्लं मातीतले सूक्ष्मजीव काही दिवसांत खाऊन टाकतात आणि मातीची धारणशक्ती, म्हणजे सामूतल्या बदलाला विरोध करायची तिची ताकद, सामू परत होता तिथे आणून ठेवते. कॉफीचा वापरलेला चोथा तर आम्लधर्मी राहिलेलाच नसतो. त्यातलं आम्ल पाण्यात विरघळून कपात गेलेलं असतं, उरलेला चोथा जवळपास उदासीन. पाइनच्या सुया टाकण्याचीही अशीच ख्याती आहे. आच्छादन म्हणून त्या उत्तम, पण कुजताना त्यांची आम्लता ओसरते. आणि गंजके खिळे! हा सल्ला इतका जुना आहे की त्याच्याबद्दल मला जरा माया वाटते. निळ्याचं कारण लोह आहे असा समज जुन्या काळी होता, त्याची ही शिल्लक. लोहाने हायड्रेंजिया निळा होत नाही. खिळे काढून टाका, पुढे खुरपताना हाताला लागतील.

खरं काम मोजण्यापासून सुरू होतं. दोन काड्या मातीत खुपसून आकडा दाखवणारी स्वस्त यंत्रं मी वापरत नाही, ती ओलाव्यावर नाचतात. झुडपाच्या घेराखालून चार-पाच ठिकाणची, 10-15 सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या, मिसळा, आणि प्रयोगशाळेत द्या. घरीच करायचं तर एक भाग माती आणि अडीच भाग शुद्ध पाणी ढवळून, अर्धा तास थांबून, चांगल्या मीटरने किंवा रंगद्रावणाने तपासा. सोबत आणखी एक चाचणी करा, ती फुकट आहे आणि सामूपेक्षाही महत्त्वाची: चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे.

फसफसलं तर माझा सल्ला स्पष्ट आहे: जमिनीतला हट्ट सोडा, कुंडीत या. का, ते आकड्यात सांगते. एक चौरस मीटर जागा, 15 सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे 200 किलो माती. तिच्यात फक्त 1 टक्का चुना असला तरी तो 2 किलो झाला. रसायनाच्या हिशेबाने 100 ग्रॅम चुना संपवायला 32 ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे या चौरस मीटरला 640 ग्रॅम गंधक. तेही नुसता चुना संपवायला. सामू खाली यायला सुरुवात होईल ती त्यानंतर. आणि चुनखडीच्या जमिनीत चुना 1 टक्क्यावर थांबलेला नसतो. शिवाय खालचं पाणी वर येताना नवा चुना घेऊन येतं. ही लढाई जिंकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

फसफसलं नाही आणि सामू 6 ते 7 च्या दरम्यान निघाला, तर जमिनीत निळा आणता येतो. मुख्य साधन दाणेदार किंवा भुकटी गंधक. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो. थंड मातीत ते जवळपास झोपलेले असतात. एक अंकाने सामू उतरवायला वाळूसर मातीत चौरस मीटरला साधारण 50 ग्रॅम गंधक पुरतं, चिकणमातीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. एकदम घालू नका. निम्मं आधी, तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजून उरलेलं. मुळं उथळ असतात, तेव्हा खोल खणू नका. वरून पसरा, हलक्या हाताने वरच्या थरात मिसळा, पाणी द्या, आच्छादन घाला.

ॲल्युमिनियम सल्फेट हे दुसरं साधन, आणि ते गंधकाची जागा घेत नाही. सामू तेवढाच उतरवायला ते गंधकाच्या सुमारे 6 पट लागतं, आणि तेवढं ओतलं तर मुळं जळतील. त्याचं खरं काम तयार माल थेट दाराशी पोचवणं. 4 लिटर पाण्यात सपाट मोठा चमचाभर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, हे द्रावण आधीच ओल्या असलेल्या मातीत झुडपाभोवती द्यायचं. कोरड्या मातीत कधीच नाही. नवी पालवी जोरात असताना सुरू करायचं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने कळ्यांना रंग दिसेपर्यंत दोन-तीनदा. पानांवर उडवू नका. नुकत्याच लावलेल्या रोपाला पहिलं वर्षभर यातलं काही देऊ नका, त्याला आधी मुळं धरू द्या. ॲल्युमिनियम सल्फेट मिळालं नाही तर तुरटी चालते. तुरटीत ॲल्युमिनियम सुमारे 5.7 टक्के, तर स्फटिकरूप ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये सुमारे 8 टक्के, म्हणून 15 ग्रॅमच्या जागी 20 ग्रॅम धरा आणि आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या.

जास्त झाल्याची खूण: पानांच्या कडा करपतात, नवी वाढ थांबते, उकरून पाहिलं तर मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी. असं दिसलं तर डोस बंद करा आणि साध्या पाण्याने माती धुऊन काढा. सामू 5 च्या खाली नेण्यात काही मिळवायचं नाही. निळा 5.2-5.5 लाच पूर्ण चढतो, त्याखाली फक्त मुळांचे हाल.

आता तो दारातला पहारेकरी. त्याचं नाव स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. सुटं ॲल्युमिनियम आणि स्फुरद एकमेकांना भेटले की ॲल्युमिनियम फॉस्फेट होऊन बसतं, आणि ते झाडाच्या काही कामाचं नसतं. सामू 5.3, तुरटीही दिली, तरी फुलं गुलाबी, अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारते: खत कोणतं घालता? उत्तर ठरलेलं असतं: 'फुलांसाठीचं' खास खत, म्हणजे पिशवीवरच्या नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) या तीन आकड्यांतला मधला, स्फुरदाचा आकडा ज्यात मोठा असतो ते. किंवा लावताना खड्ड्यात घातलेला मूठ-दोन मूठ हाडांचा चुरा. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद आहेच, वर चुनाही आहे. निळ्याच्या दोन्ही बाजूंनी शत्रू. कुजलेलं शेणखत आणि गांडूळखतही सढळ हाताने वर्षानुवर्षं पडलं तर स्फुरद साठत जातो. निळ्यासाठी स्फुरद कमी, पालाश भरपूर, आणि नत्र अमोनियाच्या रूपात हवं. अमोनियम सल्फेट इथे दुहेरी कामाचं आहे, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना माती आम्ल होते. नायट्रेट रूपातलं नत्र घातलंत तर गाडी उलट्या दिशेने जाते.

आणि पाणी. याकडे फार कमी लोक बघतात. पाण्याचा सामू किती यापेक्षा त्यात बायकार्बोनेट किती हे महत्त्वाचं. समजा तुमच्या पाण्याची क्षारता लिटरला 200 मिलिग्रॅम चुन्याएवढी आहे, जी विहिरी-बोअरच्या पाण्यात सहज असते. कुंडीला रोज 2 लिटर पाणी, 100 दिवस, म्हणजे 200 लिटर पाण्यातून तुम्ही त्या कुंडीत 40 ग्रॅम चुना ओतलात. एका हाताने गंधक, दुसऱ्या हाताने चुना. जमेल तिथे पावसाचं पाणी साठवून वापरा. नळाचं पाणी ठेवलेल्या भांड्यात तळाशी पांढरा थर जमत असेल, तर तुमचं पाणी कोणत्या बाजूचं आहे हे कळलंच.

कुंडीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण कुंडीत माझीच फजिती झाली होती. सुरुवातीच्या काळात मी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा चुरा) घातलेलं चांगलं आम्लधर्मी माध्यम बनवलं, सामू 5 च्या आसपास, आणि निळ्याची वाट बघत बसले. फुलं आली फिक्या, मळकट गुलाबी रंगाची. मी पुन्हा गंधक घातलं. पुढच्या बहराला फुलं तशीच, आणि झाड मात्र रुसलेलं. चूक लक्षात यायला वेळ लागला: पीटमध्ये, कोकोपीटमध्ये, परलाइटमध्ये झाडाला मिळेल असं ॲल्युमिनियम जवळपास नसतंच. खनिज मातीच नाही, तर माल कुठून येणार? कुलूप सताड उघडं आणि खोली रिकामी. त्यामुळे मातीविना माध्यमात फक्त आम्लता उपयोगाची नाही, ॲल्युमिनियम वरून द्यावंच लागतं, लहान कुंडीत वर सांगितलेल्या डोसच्या निम्मं. किंवा माध्यमात पाव-एक हिस्सा चुना नसलेली खनिज माती मिसळा. मी आता हे दोन्ही करते.

याच न्यायाने देशोदेशींचे रंगही उलगडतात. जपान हे या झाडाचं माहेर. तिथे पाऊस भरपूर, माती बरीचशी ज्वालामुखीय आणि आम्ल, म्हणून तिथला हायड्रेंजिया प्रामुख्याने निळा. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांमधल्या फायाल या ज्वालामुखी बेटाला हायड्रेंजियाच्या कुंपणांमुळे 'निळं बेट' म्हणतात. तीच जात चुनखडीच्या प्रदेशात नेली की गुलाबी. तिथल्या माळ्यांचं काही चुकत नसतं.

वेळेबद्दल. ॲल्युमिनियम निदलं वाढत असताना त्यांच्यात पोचावं लागतं. पूर्ण उमललेल्या गुलाबी गुच्छाला आज तुरटी दिलीत तर उद्या तो निळा होणार नाही. तुम्ही आज जे कराल त्याचं उत्तर पुढच्या बहरात मिळेल, आणि मोठं जुनं झुडूप असेल तर त्याच्या पुढच्या. छाटणीही जपून करा. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या बहुतेक जातींच्या फुलकळ्या आदल्या हंगामाच्या काडीवर आधीच धरलेल्या असतात, उशिरा छाटलं तर रंग बघायला फुलंच राहणार नाहीत. आणि फूल जुनं होताना हिरवट, लालसर होतं ते वयाने, मातीने नव्हे. त्यावरून निष्कर्ष काढू नका. नव्याने उमललेल्या निदलाचा रंगच खरा.

उलट दिशेने, निळ्याचं गुलाबी करणं जास्त चिवट काम आहे, कारण झाडाच्या अंगात आधीच ॲल्युमिनियम साठलेलं असतं. चुना घालून सामू 6.2 पर्यंत आणा, स्फुरद वाढवा, नायट्रेट रूपातलं नत्र द्या. पण 6.5 च्या पलीकडे जाऊ नका. तिथे लोह कुलपात जातं आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. गुलाबीच्या नादात कावीळ झालेलं झुडूप मी पाहिलंय, ते बघवत नाही.

एक खात्री आधीच करून घ्या की तुमचं झाड मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाचं किंवा त्याच्या डोंगरी भावंडाचं, सेराटाचं आहे. शंकूसारखे गुच्छ येणारा पॅनिक्युलाटा, ॲनाबेलसारखे पांढरे गोळे येणारा आर्बोरेसेन्स, ओकसारख्या पानांचा क्वेर्सिफोलिया, यांच्यावर हा खेळ चालत नाही. पांढऱ्या जातींवरही नाही, कारण तिथे बदलायला रंगद्रव्यच नसतं. तुमचं झाड एकदा निळं होतं, त्यामुळे तुम्हाला ही शंका नाही.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. आज खिळे काढा, लिंबू बंद. या आठवड्यात व्हिनेगरची चाचणी, भिंतीच्या बाजूची आणि मोकळ्या बाजूची माती वेगवेगळी. फसफसलं तर विश्रांतीच्या काळात झुडूप काढून मोठ्या कुंडीत घ्या. नाही फसफसलं तर दोन्ही बाजूंचा सामू मोजा, आणि खताच्या पिशवीवरचा मधला आकडा बघा. ही तीन उत्तरं हातात आली की गंधक किती, तुरटी किती, ते ठरवता येईल. आणि तो एक जांभळट गुच्छ कापू नका. त्याच्या खाली जी माती आहे तीच तुमच्या बागेतली सर्वांत चांगली माती आहे, नमुना तिथूनही घ्या.